बाहेर जोड नव्हता

ये हिमानी, बस. ती कूलरसमोरची खुर्ची घे, चारही पाय शाबूत असलेली तेवढी एकच उरली आहे. पाणी घे माठातलं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसून चार्ज द्यायचा म्हणजे दोघींचीही परीक्षाच. पण यादीतलं सगळं झालं एकदाचं. जनरल रजिस्टर दिलं, शिक्के दिले, तक्रारपेटीची किल्ली दिली, कॅमेऱ्यांचा पासवर्ड दिला आणि सात खोल्यांच्या किल्ल्यांचा हा जुडगाही दिला. तू सह्याही केल्यास. एकतीस तारखेला पाठकबाई निवृत्त, आणि एक जूनपासून मुख्याध्यापिका तू.

आता यादीत नसलेली एक गोष्ट राहिली आहे, ती सांगितल्याशिवाय मला इथून उठता येणार नाही. मला गोष्टी सांगायची हौस आहे हे तुला सहा वर्षांत कळलंच आहे, पण ही हौसेची नाही. मध्येच हसू आलं तर हस, मी रागावणार नाही. फक्त ऊन उतरायच्या आत सगळं ऐकून घे.

रोज शाळा सुटल्यावर आपण फॉर्म भरतो ना, ‘सर्व वर्गखोल्या तपासल्या, आत एकही विद्यार्थी नाही’ म्हणून? तो आत्ता आत्ता आला. त्याआधी फॉर्म नव्हता, कॅमेरे नव्हते, परिपत्रकं नव्हती. चंपाबाई होती.

चंपाबाई आपली सेविका. पिशोरची. नवरा लवकर गेला, तशी भावावर भार नको म्हणून इकडे आली आणि शाळेच्या मागं एका खोलीत राहायला लागली. किडकिडीत बाई, पण आवाज असा, की तिनं व्हरांड्यातून हाक मारली की चौथीतली पोरंसुद्धा पाणी प्यायचं थांबायची. पायांत निळ्या रबरी चपला, आणि त्यातल्या उजव्या चपलेचा तुटलेला पट्टा तांब्याच्या तारेनं बांधलेला. नवीन घे म्हटलं की म्हणायची, “अजून चालती की, बाई.” मशेरी लावायची. भाजलेल्या तंबाखूचा तो करपट वास ती यायच्या आधी यायचा आणि ती गेल्यावरही रेंगाळायचा.

तेव्हा पोरं बूट घालत नव्हती. सगळी चपला, सँडल घालून यायची आणि वर्गाबाहेर काढून ठेवायची. प्रत्येक दारापुढं चपलांची रांग. शाळा सुटली की चंपाबाई पहिल्या खोलीपासून सातव्या खोलीपर्यंत चालत जायची, आणि नजर कुठं, तर खाली. दारापुढं एकही जोड दिसला नाही, की आत एक नजर टाकायची आणि कुलूप लावायची. जोड दिसला, की आत पोर आहे. मग कुणी झोपलेलं असो, रुसून बाकाखाली बसलेलं असो, ती हुडकून बाहेर काढायची. “भाईर जोड नाय, तर आत पोर नाय,” हे तिचं गणित. अकरा वर्षं ते चुकलं नाही. आम्हाला सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. पाहुणे आले की आम्ही सांगायचो.

चुकलं ते माझ्यामुळं.

बावीस वर्षं झाली त्याला. मी तेव्हा पहिलीला शिकवायची, सातव्या खोलीत, त्या रुळाकडच्या टोकाच्या. माझ्या वर्गात सत्यम नावाचा पोरगा होता, सहा वर्षांचा. त्याच्या बापानं गुलमंडीच्या बाजारातून त्याला नवीन सँडल आणली होती, लाल बकलाची. त्याच आठवड्यात दोन पोरांच्या चपला व्हरांड्यातून चोरीला गेल्या होत्या. सत्यम सँडल काढायलाच तयार होईना. रडून रडून लालबुंद झाला. मी म्हटलं, “अरे, दप्तरात ठेव ना! मग कोण नेतंय?” त्याला ते इतकं पटलं, की दिवसभर तो दप्तराला हात लावून बसला.

चंपाबाईला सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. एवढ्याशा गोष्टीत काय सांगायचं?

त्या दिवशी पोराच्या अंगात कणकण होती. शेवटच्या तासाला तो शैक्षणिक साहित्याच्या मोठ्या पेटीमागं जाऊन झोपला. घंटा झाली, पोरं पळाली, मी पळाले. शेजारच्या ज्या मुलीबरोबर तो घरी जायचा तिला वाटलं, तो आधीच गेला. चंपाबाई आली. दारापुढं जोड नाही. आत डोकावली, बाक रिकामे. कुलूप लावलं.

संध्याकाळी शोधाशोध सुरू झाली. चंपाबाईला विचारलं तर ती शपथेवर म्हणाली, “भाईर जोड नव्हता. आत पोर नाय.” तिच्या शब्दावर सगळ्यांचा एवढा भरवसा, की कुणी कुलूप काढून बघितलं नाही. लोक रुळावर गेले, विहिरींवर गेले. मला विचारायला घरी आले तेव्हा मीही म्हटलं, सगळ्यांबरोबर गेला तो. सँडलची आठवणही झाली नाही मला, देवाशपथ. डिसेंबरची थंडी, मागून मालगाड्यांची धडधड, आणि आत ते पोर ओरडत असेल तर ऐकणार कोण?

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. सात वाजता चंपाबाईनं कुलूप काढलं आणि तिची किंकाळी मी फाटकापासून ऐकली. सत्यम पेटीमागं होता. तापानं फणफणलेला, पण जिवंत. दोन्ही सँडल छातीशी घट्ट धरलेल्या. त्या सँडल बघितल्या आणि मला सगळं आठवलं.

पोर काहीतरी बरळत होतं. बाई होत्या, म्हणाला. पांढऱ्या केसांच्या बाई. रात्रभर थोपटत होत्या. डॉक्टर म्हणाले, तापात होतं असं. त्याच्या आईला वाटलं, त्याची वारलेली आजी असेल. हे लक्षात ठेव, हिमानी.

पोरगं बरं झालं. महिनाभर दवाखाना झाला, पण बरं झालं. आता वाळूजला कंपनीत आहे. चंपाबाईला मात्र संस्थेनं काढलं. निष्काळजीपणा. आणि मी गप्प बसले. उशिरा लागलेली नोकरी, शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं संपायला दोन महिने उरलेले, वडील अंथरुणाला खिळलेले. अशी कारणं माणसाला पाहिजे तेवढी सापडतात. मी भित्री होते, एवढंच खरं.

जायच्या दिवशी चंपाबाई माझ्याकडं आली. याच व्हरांड्यात. हातात बोचकं होतं. तिला नोकरीचं दुःख नव्हतं गं. तिला एकच गोष्ट समजत नव्हती.

“पाठकबाई, तुमी तर तितंच व्हत्या. जोड व्हता का हो भाईर? माझी नजर गेली का कामातून?... का मला याड लागलं? जोड नव्हता ना भाईर?”

मी तिच्या पायांकडं बघत म्हटलं, “मला नाही आठवत, चंपाबाई.”

तिनं मान हलवली. तारेनं बांधलेली चप्पल फटक फटक वाजवत फाटकाबाहेर गेली. पुढं सहा वर्षांनी पिशोरहून कळलं, की ती गेली.

तिच्या बाराव्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. शाळा सुटली होती, मी वह्या घेऊन निघाले होते. तिसऱ्या खोलीला कुलूप लागलेलं, आणि दारापुढं निळ्या चपलांचा जोड. नीट जुळवून ठेवलेला, टाचा बाहेर, म्हणजे कुणीतरी आत गेल्यासारखा. उजव्या पट्ट्याला तांब्याची तार. माझ्या हातातून वह्या पडल्या. तेवढ्यात आतून मुसमुसणं ऐकू आलं. किल्ली आणून दार उघडलं तर कपाटामागं एक मुलगी बसलेली. तिला बाहेर आणेपर्यंत चपला नव्हत्या.

त्यानंतर किती वेळा झालं, सांगता येणार नाही. वर्षातून एकदा, कधी दोनदा. कधी खोलीपुढं, कधी मुलींच्या स्वच्छतागृहापुढं, एकदा पाण्याच्या टाकीच्या झाकणाशेजारी. तेव्हा आपण टाकीला कुलूप केलं. आवडाबाई सेविका म्हणून नवीन लागली तेव्हा तिनंही बघितल्या. ती घाबरली नाही. “चंपामावशी हाये ती. लेकराजवळ बसती, दार उघडंपतुर,” एवढंच म्हणाली आणि लांबूनच हात जोडले. आत सापडलेली पोरंही सहसा घाबरलेली नसायची. आजी होती, म्हणायची. चपला एकदाही खोट्या निघाल्या नाहीत.

मुलं आता बूट घालतात, वर्गाबाहेर काही काढत नाहीत. कॅमेरे लागले. मी मुख्याध्यापिका झाले. पण मी मात्र रोज शाळा सुटल्यावर चंपाबाईसारखी खाली बघत सात खोल्यांसमोरून जायची. तुला वाटायचं ना, पाठकबाईंची मान दुखते म्हणून?

आणि दर वेळी मनात एकच यायचं. ही बाई मेल्यावरही पोरांची काळजी वाहते आहे, आणि तिला जे उत्तर द्यायला हवं होतं ते माझ्यापाशी अडकून पडलं आहे. तरी मी ते दिलं नाही. मेलेल्या माणसाला आता काय सांगायचं, असं म्हणून तेही टाळलं.

मग गेल्या डिसेंबरातला तो गुरुवार. तू प्रशिक्षणाला गेली होतीस.

पावणेसहा झाले होते. शाळा सुटून पाऊण तास झालेला. मी फॉर्मवर सही करून पेनाचं टोपण लावत होते, तेवढ्यात बन्सीचा फोन. आपला रिक्षावाला बन्सी.

“बाई, सायली तितंच राहिली का? दप्तर हाये माझ्याकडं, पोरगी नाय.”

“म्हणजे काय? मोजून नेत नाहीस का?”

“मोजले ना बाई. नऊ दप्तरं व्हती. पोरी आधी दप्तरं टांगत्यात अन् मंग बसत्यात. म्या दप्तरं मोजली...”

कुणी चपला मोजतं, कुणी दप्तरं मोजतं. पण माझ्या हाताला घाम सुटला तो दुसऱ्याच गोष्टीनं. दुसरीतली सायली म्हणजे दम्याची मुलगी. तिचा पंप तिच्या दप्तरात असतो. “दप्तर घेऊन आत्ताच्या आत्ता मागं फिर,” असं मी ओरडले आणि आवडाबाईला स्वच्छतागृहांकडं नि मैदानाकडं पिटाळलं. मी जुडगा घेऊन व्हरांड्यात आले.

डिसेंबरातली संध्याकाळ तुला माहीत आहे. बघता बघता उजेड आटतो. रुळाच्या पलीकडं धुकं उतरायला लागलं होतं. एक नंबर, दोन, तीन... मी खाली बघत चालले होते. सहा नंबर. आणि सातव्या खोलीपुढं, उंबऱ्याशी, निळ्या चपला.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू! भीती वाटायचे दिवस केव्हाच गेले होते. मी म्हटलं, “आले गं, चंपाबाई,” आणि कुलूप काढलं.

आत कुणी नव्हतं.

बाकांखाली बघितलं, कपाट उघडलं, त्या जुन्या पेटीमागं वाकून बघितलं. हाका मारल्या. नुसता खडूचा वास आणि गार फरशी. बाहेर आले. चपला तिथंच. नेहमी दार उघडलं की जातात, आज गेल्या नव्हत्या. पुन्हा आत गेले, पुन्हा सगळं बघितलं. बाहेर आले. चपला तिथंच, टाचा बाहेर. घड्याळात सहाला पाच कमी. एक दम्याचं लेकरू कुठंतरी कोंडलेलं आहे, आणि ज्या खुणेवर मी सोळा वर्षं विसंबले ती पहिल्यांदाच खोटी ठरत होती.

तेवढ्यात वीज गेली.

खोलीत मशेरीचा वास आला. आधी थोडा, मग असा, की घशाशी आला. मागून मालगाडी येत होती. पत्रे थरथरायला लागले, खिडकीची तावदानं वाजायला लागली. आणि त्या सगळ्या आवाजाच्या खाली, अगदी जवळून, माझ्या खांद्यामागून...

“पाठकबाई... जोड नव्हता ना हो... भाईर?”

मी वळले नाही. वळायची ताकद नव्हती. मानेवरचे केस उभे राहिले होते. सोळा वर्षं ती नुसत्या चपला ठेवत होती. कधी एक शब्द बोलली नव्हती.

“चंपाबाई... सायली कुठंय?”

नुसता श्वास. दमलेल्या म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा.

“तुमी तर... तितंच व्हत्या...”

आणि माझे सगळे बांध फुटल्यासारखं झालं. गाडीच्या आवाजात मी मोठ्यानं ओरडले, “नव्हता! चंपाबाई, जोड नव्हता बाहेर! मीच त्याला दप्तरात ठेवायला सांगितलं होतं. तुझी नजर चांगली होती गं. तू बरोबर मोजलं होतंस. चुकले मी, आणि तोंड शिवून बसले. मला माफ कर. माझं काय करायचं ते कर, पण त्या पोरीला...” मी तिथं फरशीवर बसून रडत होते, हिमानी. सत्तावन्न वर्षांची बाई, पहिलीच्या वर्गात.

गाडी गेली. सगळं इतकं शांत झालं, की कान दुखले. वास नव्हता. उंबऱ्याशी बघितलं. चपला नव्हत्या.

आणि मैदानावरून आवडाबाईची हाक आली. “बाई... इकडं या... स्टेजकडं! चपला हितं हायेत!”

स्टेजच्या खाली ते बुटकं लोखंडी दार आहे ना, खेळाचं सामान ठेवायचं? त्याला बाहेरून कडी होती. कुणीतरी सामान ठेवून लावून टाकली असणार. आवडाबाईनं कडी काढली. आत चटयांच्या आणि चुन्याच्या पोत्यांच्या मध्ये सायली. ओठ निळसर, छातीतून शिटीसारखा आवाज. लपाछपी खेळता खेळता शिरली होती. आम्ही तिला बाहेर ओढली आणि फाटकातून बन्सीची रिक्षा आत आली, दप्तर घेऊन. दोनदा पंप ओढल्यावर तिच्या गालांवर रंग आला. बन्सी रिक्षाचं हँडल धरून लहान पोरासारखा रडत होता.

मी सायलीला मांडीवर घेतलं. विचारलं, “घाबरलीस का गं?”

“आजी होती ना,” ती म्हणाली. श्वास अजून तुटत होता. “आजी म्हणली, थांब जरा... बाईंचं सांगणं व्हायचंय.”

मला चंपाबाईचा राग आला का? एक क्षण आला. दम्याच्या लेकराला ताटकळत ठेवतं का कुणी? मग विचार केला, ती तर पोरीजवळ बसलेलीच होती, तिनं कुणाला ताटकळत ठेवलं नाही. बावीस वर्षं उशीर केला तो मी. त्यातली शेवटची दहा मिनिटं सायलीच्या वाट्याला आली.

दुसऱ्याच दिवशी मी संस्थेच्या कार्यालयात गेले आणि सगळं लिहून दिलं. सचिव म्हणाले, “बाई, आता निवृत्तीला आलात, जुनं कशाला उकरता?” मी म्हटलं, कागद फाइलला लावा, बाकी तुमची मर्जी. रविवारी पिशोरला गेले. चंपाबाईचा भाऊ पुंजाराम आता ऐंशीच्या पुढं आहे. ओट्यावर बसून सगळं ऐकून घेतलं त्यानं.

“लई वरसं इचारायची,” मग म्हणाला. “जेवता जेवता हात थांबायचा. दादा, जोड कुठं गेला आसंल? म्या म्हणायचो, सोड की. पर तिला काय सुटलं नाय.” आणि आतल्या सुनेला चहा टाकायला सांगितलं. मला त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो चहा घोट घोट गिळला मी.

तेव्हापासून निळ्या चपला दिसल्या नाहीत. आवडाबाई म्हणाली, “मावशी सुटली.” मलाही बरं वाटलं. पण दोन-चार दिवसांनी ध्यानात आलं, आता आत पोर राहिलं तर सांगणार कोण? कॅमेऱ्याला स्टेजखालचं दिसत नाही. फॉर्मवर तर मी त्या गुरुवारीही सही केलेली होती.

एप्रिलमध्ये मी मोतीबिंदूसाठी रजेवर होते, आठवतं ना? डोळ्याला पट्टी, घरी सिडकोत पडून होते. संध्याकाळी साडेपाचला आवडाबाईचा फोन आला.

“बाई, तुमी कवा आल्या शाळेत? सांगितलं बी नाय.”

“मी कुठं आले? घरीच आहे.”

मग हळूच म्हणाली, “मंग तुमच्या चपला सातव्या खोलीपुढं कशा?”

माझ्या त्या तपकिरी चपला, गुडघ्यांसाठी घेतलेल्या, जाड तळाच्या. मी भिंत धरत धरत दारापर्यंत गेले. चपलांच्या स्टँडवर माझी जागा रिकामी होती.

“आवडाबाई,” मी म्हटलं, “आधी दार उघड.”

पहिलीतला विश्वजित होता, पेटीमागं झोपलेला. त्याच दिवशी तुम्ही त्याच्या आईला बोलावून घेतलंत. पण तो काय म्हणाला ते आवडाबाईनं फक्त मला सांगितलं. पाठकबाई थोपटत होत्या, म्हणाला. पोराला सोडून पुन्हा फोन केला तेव्हा ती म्हणाली, चपला आता न्हाईत. मी दार उघडून बघितलं. होत्या, स्टँडवर. तळाला खडूची भुकटी.

घाबरले मी, हो. रात्रभर स्वतःची नाडी बघत होते. मी जिवंत आहे, जेवते, भांडते, गुडघे दुखतात. मग हे काय? पण खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. जे काम मी एका बाईकडून हिरावून घेतलं ते फिरून माझ्याकडं आलं असेल, तर येऊ दे.

हे सगळं मी तुला सांगणार नव्हते. चपला दिसल्या तर आवडाबाई दार उघडेल, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण काल रात्री पुन्हा झालं.

काल संध्याकाळी दिवेलागणीला स्टँडवर चपला नव्हत्या. मी आवडाबाईला फोन केला. ती बिचारी सोमनाथ वॉचमनला घेऊन आली, सातही खोल्या उघडल्या, स्टेज बघितलं, टाकी बघितली. चपला कुठंच नाहीत, आणि पोर तरी कुठून असणार? सुट्टी लागून महिना होत आला. मला रात्री कधीतरी झोप लागली. जाग आली तेव्हा उजवा खांदा भरून आला होता, रात्रभर कुणाला थोपटत बसावं तसा. मे महिन्यात अंगावर काटा होता थंडीचा. दार उघडून बघितलं, चपला जागेवर. घड्याळात सात वाजत होते.

सकाळचे सात, हिमानी. त्या शनिवारी चंपाबाईनं कुलूप काढलं ती वेळ.

सत्यम सापडला तेव्हा काय बरळत होता ते मी तुला लक्षात ठेवायला सांगितलं होतं. त्या वेळी माझे केस काळेभोर होते, कमरेपर्यंत. आणि या शाळेत तेव्हा एकही पांढऱ्या केसांची बाई नव्हती. मी रंग लावायचा सोडला तो गेल्या दिवाळीत.

एवढंच सांगायचं होतं. हा जुडगा धर. फॉर्म भर, कॅमेरे बघ, पण खाली बघत चाल. कधी माझ्या चपला दिसल्या, तर मी कुठं आहे, कशी आहे, आहे का नाही, हे विचारायला फोन करत बसू नकोस. आधी दार उघड.

आणि जायच्या आधी एक कर. सकाळपासून चार वेळा साबण लावला, डेटॉल लावलं, पण जात नाही. मला भास होतोय का ते तरी कळेल. हा माझा उजवा हात घे... नाकाजवळ धर. नव्या सँडलचा वास येतोय ना?